खूर पाहताना शिकलेलं

पशुवैद्यकाचं शिक्षण चालू असताना काही महिने पंजाबातल्या नवांशहर जिल्ह्यात काढले. शिवालिकच्या टेकड्यांतून येणाऱ्या पावसाळी ओढ्यांना तिथं ‘चो’ म्हणतात. त्यांच्या गाळातून काही गावांच्या शिवारात सेलेनियम येऊन बसलं आहे.

१. लंगडं जनावर म्हणजे लाळ्या-खुरकूत, असं धरून चालू नका. पहिल्याच गोठ्यात मी तसं धरलं. पण म्हशीला ताप नव्हता, जिभेवर फोड नव्हते. घरच्या आजींनी मला मागं नेऊन शेपूट दाखवलं. गोंडा पार झडला होता. मग मी खाली बसून खूर पाहिला. वरच्या कडेला समांतर अशी आडवी भेग होती आणि ती इतकी खोल, की नखी बोटानं हलत होती. ती म्हैस गव्हाणीपुढं गुडघे टेकून वैरण खात होती. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही.

२. केस, शिंगं, खूर यांना बळकटी गंधकामुळे येते. चाऱ्यातून जास्त गेलेलं सेलेनियम गंधकाचीच जागा बळकावतं, म्हणून मार तिथं बसतो.

३. या विषबाधेवर इंजेक्शन शोधत बसू नका, चारा कुठल्या रानातला ते विचारा. सुक्या चाऱ्यात किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर सेलेनियम गेलं की धोका. आजींच्या मुलानं दुसऱ्या गावाहून वैरण आणायला सुरुवात केली. नवा खूर वरून खाली उतरायला महिने लागतात, तेवढा धीर धरावाच लागतो. शेतात जिप्सम टाकलं तर पिकं सेलेनियम कमी शोषतात, हे लुधियानाच्या कृषी विद्यापीठानं दाखवून दिलं आहे.

४. रानातल्या जिवांची तक्रार घेऊन दवाखान्यात कुणी येत नाही. कॅलिफोर्नियात केस्टरसनच्या तळ्यांत शेतांच्या निचऱ्याचं सेलेनियम असलेलं पाणी सोडत. १९८३ साली तिथल्या पाणपक्ष्यांच्या अंड्यांत डोळे नसलेली, वाकड्या चोचींची पिल्लं सापडली. शेतातून निघालेलं पाणी पुढं कुठं साचतं, हे ती हकीकत वाचल्यापासून मी प्रत्येक गावात विचारतो.

५. हेच सेलेनियम जनावराला कणभर तरी लागतंच; कमी पडलं तर वासरांचे स्नायू पांढरे पडतात. पण गरज आणि विष यांत अंतर फार थोडं. २००९ साली फ्लोरिडात पोलोचे २१ घोडे सेलेनियम जास्त झालेल्या टॉनिकनं मेले. तेव्हा गोठ्यात खनिज मिश्रण देत असाल, तर पाकिटावरचं प्रमाण वाचा आणि त्यावर सेलेनियमचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.