रक्तातले लोह आणि हातातले चुंबक



शनिवार पेठेतील आमच्या एका वाचक भगिनीला आम्ही नुकतेच भेटलो. हिमोग्लोबिन कमी, जिना चढला की धाप. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मात्र कपाटात पडून! हातात चुंबकाचे कडे आणि उशाशी ‘चुंबकीय पाण्या’ची बाटली. कडे विकणाऱ्याने त्यांना मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली होती. चुंबक जवळ नेताच काळे द्रव काट्यांसारखे उभे राहते. “तुमच्या रक्तातले लोहही असेच जागे होते,” असे तो म्हणाला. चित्रफीत खरी होती, पण निष्कर्ष खोटा होता.

चुंबकीय द्रव म्हणजे काय?

लोखंडाचा कीस तेलात टाकला तर तळाशी बसतो. पण मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडचे कण सुमारे १० नॅनोमीटर, म्हणजे केसापेक्षा हजारो पटींनी बारीक केले, तर द्रवाच्या रेणूंच्या धक्क्यांनी ते तरंगत राहतात. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर ओलेइक आम्लासारख्या पदार्थाचे आवरण देतात. मग चुंबक जवळ नेला की सगळे द्रवच ओढले जाते. १९६३ साली नासा संस्थेतील स्टीव्ह पॅपेल यांनी वजनरहित अवस्थेत रॉकेटचे इंधन चुंबकाने ओढता यावे म्हणून असे द्रव तयार केले.

मग रक्त का ओढले जात नाही?

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यातले बरेचसे हिमोग्लोबिनमध्ये असते. पण तिथे लोहाचा एकेक अणू प्रथिनात सुटा बांधलेला असतो. मॅग्नेटाइटच्या कणातल्यासारखी त्यांची एकजूट नसते. प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन तर चुंबकापासून किंचित दूरच सरते, हे पॉलिंग आणि कोरिएल यांनी १९३६ साली दाखवले. एमआरआय यंत्राचा चुंबक कड्यापेक्षा कितीतरी प्रबळ असतो, तरी त्यात रक्त ओढले जात नाही. आणि चुंबकाशेजारी ठेवल्याने पाण्यात लोह उतरत नाही.

औषधोपचारात खरा उपयोग

लोहाच्या ऑक्साइडचे आवरण दिलेले कण असलेले फेरुमॉक्सिटॉल हे औषध रक्तक्षयावर शिरेतून देतात. अमेरिकेत त्याला २००९ साली मान्यता मिळाली. मात्र तिथे रुग्ण बरा होतो तो शरीराला लोह मिळाल्यामुळे, चुंबकामुळे नव्हे. स्तनाच्या कर्करोगात असेच द्रव टोचून काखेतल्या कोणत्या गाठी तपासायच्या, ते चुंबकीय शोधकाने ओळखता येते. कोविडच्या काळात अनेक प्रयोगशाळांनी नमुन्यातून विषाणूचा आरएनए वेगळा काढण्यासाठी द्रवात मिसळलेले चुंबकीय मणी वापरले.

आपण काय करावे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय समजतात.

• थकवा, धाप, चक्कर असेल तर रक्त तपासून घ्या आणि कारण विचारा.
• लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. शौचाचा रंग काळा झाला तर घाबरू नका.
• कलेजी, मटण, पालेभाज्या, कडधान्ये खा.
• सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह घेऊ नका.
• पेसमेकर असलेल्यांनी चुंबक छातीजवळ नेऊ नये. मुलाने चुंबक गिळला तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

त्या भगिनीने आमच्यासमोर घरातली टाचणी कड्याला लावून पाहिली, ती चिकटली. मग रक्ताच्या तपासणीसाठी टोचलेल्या बोटावरचा थेंब आठवून त्या हसल्या. ते कडे हातात असतानाही तो थेंब जागचा हलला नव्हता. गोळ्या त्यांनी पुन्हा सुरू केल्या आहेत.