भाचीच्या हत्यारपेटीत ठेवायचा कागद

पोरी, अंबरनाथच्या आयटीआयत इलेक्ट्रिशियन ट्रेडला लागलीस, आता हातात मीटर येणार. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम आणि गुणलं की वॅट, हे नववीच्या ‘धाराविद्युत’ धड्यापासून तुला पाठ आहे, मला ठाऊक आहे, मान उडवू नकोस. पण उल्हासनगरच्या कारखान्यात नि बदलापूरच्या सोसायटीत त्या सूत्रात घालायचे आकडे कुठून घ्यायचे, तेवढं मामाकडून ऐक.

१. आधी मोज, मग गणित कर – वस्तूच्या पाटीवर २३० व्होल्ट छापलेले असतात, पण लांबच्या गल्लीत संध्याकाळी २०५ सुद्धा भरतात. मोजलं ते आपलं, धरलं ते परक्याचं.

२. अँपिअर मोजून झाले की मीटरची लाल पिन लगेच व्होल्टच्या भोकात परत ने – अँपिअरच्या बाजूचा रोध जवळजवळ शून्य असतो, तशीच सॉकेटला लावलीस तर सरळ शॉर्ट.

३. ओहम बघायचे तर मेन स्विच बंद आणि वस्तू वायरिंगपासून सुटी – मीटर स्वतःच्या बॅटरीवर रोध मोजतं, बाहेरचा व्होल्टेज आला तर आकडा खोटा आणि मीटरही जातं.

४. टाँग टेस्टर एकाच वायरभोवती लाव – फेज नि न्यूट्रल दोन्ही आत धरलेस तर जाणारा-येणारा करंट एकमेकांना खोडतो आणि पडद्यावर शून्य येतं. त्या शून्यावर भरवसा ठेवून वायर सोलायला बसू नकोस.

५. गिझर ‘नीट तापत नाही’ म्हणून बोलावलं तर एलिमेंट बदलण्याआधी व्होल्ट बघ. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेतो, म्हणजे एलिमेंट साधारण २६ ओहमचं. आता समज, त्या घरात २०० व्होल्टच येतायत. ओहम तेच राहतात, करंट ७.६ वर उतरतो आणि वॅट उरतात जेमतेम १५०० – व्होल्ट कमी झाले की करंटही त्यांच्यामागून कमी होतो, म्हणून मार दुहेरी बसतो. काकूंना हे समजावून सांग, नवं एलिमेंट विकू नकोस. पुढच्या वेळी त्या तुलाच बोलावतील.

६. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब गणितात ५२९ ओहमचा येतो आणि मीटरवर चाळीसच्या आसपास. घाबरू नकोस, दोन्ही खरे – टंगस्टन तापलं की त्याचा रोध दहा पटींहून जास्त वाढतो. सरांना हे विचारच, वर्गात चांगली चर्चा होईल.

७. मोटरला मात्र हे साधं गणित लावू नकोस – एसीवर वाइंडिंग नुसत्या तारेच्या रोधाने करंट अडवत नाही, तिथे चुंबकाचाही विरोध असतो. पंप २३० व्होल्टला ६ अँपिअर घेत असेल तर गुणाकार १३८० येतो. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर खरे वॅट ११०० च. आणि एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, हे मोटरने शाफ्टवर दिलेलं काम. मीटरमधून ती त्याहून जास्त ओढते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पंपाच्या बिलावरून भांडण निघतं ते इथेच.

८. जीन्सच्या कारखान्यात गेलीस तर आधी इस्त्र्या मोज, मशिनं नंतर – १००० वॅटची एक इस्त्री ४.३ अँपिअर, तीन मिळून १३, आणि पुष्कळदा तिन्ही ६ अँपिअरच्या एकाच सॉकेटवर पिना जोडून चालवलेल्या असतात.

९. सांधे घट्ट कर, मग पुन्हा एकदा कर. ढिल्या स्क्रूखाली अर्धा ओहम जरी साचला तरी १३ अँपिअरला तिथे १३ गुणिले १३ गुणिले अर्धा, म्हणजे ८४ वॅट उष्णता निघते – तुझ्या पेटीतली सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची आहे, आता विचार कर बोर्डाच्या आत काय चाललंय. एमसीबीला यातलं काही कळत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. म्हणून काम संपताना लोड बंद करून प्लग टॉपला हात लावून बघत जा. गरम सांधा, उद्याचा वांधा.

१०. उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या जुन्या बराकींत खोलीला खोली जोडत वायरिंग लांबत गेलंय, तिथे वायरची लांबी दुप्पट धर – करंट जातो तेवढाच परतही येतो. दीड स्क्वेअरच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला १२ ओहम. २० मीटरवर त्या तीन इस्त्र्या चालवल्यास तर सहा व्होल्ट नि ८० वॅट वायरच खाते. अडीच स्क्वेअर घातलीस तर ५० वर येतं. तारेत वाचवलं, बिलात भरलं.

११. ओला हात, ओली फरशी, अनवाणी पाय असं काही असेल तर कामच घेऊ नकोस – भिजलेल्या अंगाचा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० ला हजाराने भाग: २३० मिलीअँपिअर. आरसीसीबी ३० मिलीअँपिअरला तोडायला लावतात, आणि ती खोलीत आहे का, हे तू आत शिरण्याआधी विचारायचं.

१२. उल्हास नदी २००५ आणि २०१९ च्या जुलैत बदलापुरात कशी शिरली, हे आईला विचार. तसं पाणी मीटर रूममध्ये गेलं असेल तर महावितरणचा माणूस सप्लाय तोडेपर्यंत बाहेरच थांब – सेक्रेटरी कितीही घाई करोत. मग सगळं धुऊन, पुरतं सुकवून ५०० व्होल्टचा मेगर लाव. इन्सुलेशन एक मेगाओहमच्या खाली दाखवत असेल तर सप्लाय द्यायचा नाही, आणखी एक दिवस सुकवायचं.