शिवारातील बिनतारी यंत्राची पूर्वतयारी
बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक हे नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातील ऊस पिकविणारे गाव. पाटाचे पाणी प्रमाणाबाहेर दिल्यास जमीन चोपण होते, हा अशा पट्ट्यांचा जुना अनुभव आहे. मातीतील ओलावा मोजून बिनतारी मार्गाने कळविणारे यंत्र येथे उपयुक्त ठरू शकते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने संवेदकांच्या साह्याने ऊसशेतीचे प्रयोग केलेही आहेत.

अशा यंत्रासाठी ‘ईएसपी-३२’ हा स्वस्त बोर्ड वापरता येतो. त्याची जुळणी शाळेतील विंडोज संगणकावरही होऊ शकते. प्रथम संगणकावर ‘आर्डुइनो आयडीई’ बसवावे व त्यातील ‘बोर्ड्स मॅनेजर’मधून एस्प्रेसिफ कंपनीचा ईएसपी-३२ संच घ्यावा. नंतर बोर्ड यूएसबी केबलने जोडावा. केवळ चार्जिंगची केबल चालत नाही. माहिती वाहून नेणारी हवी. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘कॉम’ क्रमांक न दिसल्यास बोर्डावरील चिपनुसार ‘सीपी-२१०२’ अथवा ‘सीएच-३४०’चा ड्रायव्हर बसवावा. मग बोर्ड व कॉम क्रमांक निवडून ‘वायफायस्कॅन’ हा नमुना प्रोग्रॅम बोर्डावर चढवावा. काम अडल्यास ‘बूट’ बटण दाबून धरावे. ‘सिरियल मॉनिटर’चा वेग १,१५,२०० ठेवला की जवळच्या वायफाय जाळ्यांची नावे उमटतात. हा बोर्ड २.४ गिगाहर्ट्झच्या जाळ्यांनाच जोडला जातो, हे ध्यानी असावे.

यानंतरच संवेदक जोडावा. त्याचे आकडे आपल्याच रानातील कोरड्या व पूर्ण भिजलेल्या मातीत पडताळून पाहावेत. या पडताळणीवाचून आलेल्या आकड्यावर पाण्याची पाळी ठरविणे म्हणजे अंदाजानेच पाणी देणे होय.