३.४ आर्थिक अहवालांची भाषा : संशोधन आणि उपयोग

सेबीने स्थापन केलेली राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था दीर्घकाळ नवी मुंबईत, वाशी येथे होती. म्युच्युअल फंड विकणाऱ्यांना तिची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. कागद वाचून सही करणाऱ्यापुढे मात्र केवळ भाषा असते. म्हणून लेखाशास्त्रातील काही संशोधनाचा विचार आपण येथे करणार आहोत.

फेंग ली यांनी २००८ मध्ये अमेरिकी कंपन्यांच्या वार्षिक अहवालांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाक्यांची सरासरी लांबी आणि तीन वा अधिक अक्षरांच्या शब्दांचे प्रमाण यांवरून मजकुराचा अवघडपणा मोजणारा 'फॉग' निर्देशांक त्यांनी वापरला. ज्या कंपन्यांची कमाई कमी, त्यांचे अहवाल वाचण्यास अधिक अवघड, असे त्यांना आढळले. (यावरून लपवाछपवी सिद्ध होत नाही, तोट्याची कारणे सांगायला शब्द जास्तच लागतात.)

पुढे २०११ मध्ये टिम लॉकरन आणि बिल मॅक्डोनाल्ड यांनी दाखवले, की सामान्य शब्दसूचीने नकारात्मक म्हणून मोजलेले जवळजवळ तीन-चतुर्थांश शब्द आर्थिक अहवालांत नकारात्मक नसतात. कर, खर्च, दायित्व या अर्थाचे शब्द तेथे नित्याचेच. आपल्याकडेही 'नावे ठेवणे' म्हणजे दोष काढणे. पण कारकून खात्यात रक्कम 'नावे टाकतो', तेव्हा तो कोणाचा दोष काढत नाही. शब्दाचा अर्थ व्यवहारक्षेत्रानुसार ठरतो, हे भाषाविज्ञानाचे तत्त्व येथे आकड्यांनिशी पुढे आले.

या पद्धती मराठीला जशाच्या तशा लावता येतील काय? माझ्या मते नाही. 'बँकेमध्येसुद्धा' हा सहा अक्षरी शब्द कोणालाही कळतो, कारण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून आपले शब्द लांबतात. उलट 'हमी' हा शब्द दोनच अक्षरांचा. शेजाऱ्याच्या कर्जाला हमी देणाऱ्यास ते केवळ ओळखीचे शिफारसपत्र वाटते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार मात्र, करारात वेगळे ठरले नसेल तर, हमीदाराचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच असते. अक्षरे मोजणाऱ्या निर्देशांकाला हा शब्द सोपाच दिसेल.

कृती : घरातील बँकेचा, पतसंस्थेचा किंवा विम्याचा एखादा मराठी कागद घ्या. त्यातील लहान आणि ओळखीचे वाटणारे पाच शब्द निवडा. प्रत्येकाचा रोजच्या बोलण्यातील अर्थ आणि त्या कागदावरील अर्थ शेजारी-शेजारी लिहा. 'जामीन', 'तारण', 'बोजा' यांपैकी एखादा शब्द आढळल्यास तेथून सुरुवात करावी.