पाहुण्यांची ऊब

पाठ-परिचय : थंडीच्या दिवसांत घरी पाहुणे आले, की कुणाला खिडकी बंद हवी असते, तर कुणाला उघडी. अशा वेळी यजमानाने काय करावे? लेखकाने आपल्या लहानपणी भिंगारच्या घरात घडलेला एक प्रसंग सांगून या प्रश्नाचा विचार केला आहे. पाहुण्यांवरील प्रेमाला थोड्या माहितीची आणि मोकळ्या बोलण्याची जोड हवी, हे या पाठातून समजते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी पाहुणे येतात तेव्हा तुम्ही त्यांना काय विचारता? चहा घेणार का, जेवण कधी वाढू, प्रवास कसा झाला, हे आपण सर्वजण विचारतो. पण रात्री झोपताना ‘तुम्हांला थंडी किती वाजते? खिडकी उघडी ठेवू की बंद करू?’ असे तुम्ही कधी विचारले आहे का? हा प्रश्न फार लहान वाटतो. मात्र तो न विचारल्यामुळे आमच्या घरी एकदा मोठा अनर्थ होता होता टळला. तीच हकीकत आज मी तुम्हांला सांगणार आहे.

माझे बालपण भिंगारला गेले. भिंगार हे नगर शहराला अगदी लागून आहे. नगर जिल्ह्याचे नाव पूर्वी अहमदनगर होते. २०२४ साली ते अहिल्यानगर झाले. भिंगारजवळ लष्कराची मोठी छावणी आहे. रणगाडा दलाचे जवान येथे शिक्षण घेतात. १९९४ साली सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिले असेल.

भिंगारची थंडी कोरडी असते. हा भाग दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात येथील हवेत बाष्प कमी असते आणि आकाश निरभ्र असते. त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळताच आपली उष्णता झपाट्याने गमावते. दुपारी ऊन चांगले लागते, पण पहाटे पारा कधी कधी १० अंश सेल्सिअसच्याही खाली जातो. कोकणात तसे होत नाही. समुद्राचे पाणी हळूहळू तापते व हळूहळू निवते, आणि दमट हवा रात्रीची उष्णता धरून ठेवते. म्हणून रत्नागिरीच्या माणसाला डिसेंबरातही पातळ चादर पुरते.

माझी खाला रत्नागिरीला राहत असे. मी सातवीत असताना जानेवारी महिन्यात खाला, खालू आणि त्यांची चार वर्षांची मुलगी आमच्याकडे आली. एस.टी.तून उतरले तेव्हा संध्याकाळ झाली होती. खालाच्या अंगावर पातळ शाल होती आणि ती कुडकुडत होती. त्याच वेळी छावणीतला एक जवान अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून रस्त्याने मजेत चालला होता. तो हिमाचल प्रदेशातला होता. त्याला आमची थंडी ही थंडीच वाटत नव्हती! एकाच रस्त्यावर, एकाच घटकेला, एकाला हुडहुडी भरते आणि दुसऱ्याला हवा छान वाटते, याचे मला तेव्हा फार नवल वाटले.

आमचे घर दोन खोल्यांचे होते. वर पत्रे होते आणि पुढच्या खोलीला एकच खिडकी होती. जुन्या माळवदाच्या घरांच्या जाड भिंती दिवसाची ऊब रात्रीपर्यंत टिकवतात. पत्र्याचे घर मात्र लवकर गार पडते. दादी म्हणाली, “पाहुण्यांना थंडी वाजता कामा नये. त्यांची खोली उबदार करा.” अब्बांनी शेगडी पेटवली. अम्मीने मला सांगितले, “शेजारच्या काकूंकडून एखादी गोधडी मागून आण.”

मी धावत काकूंकडे गेलो. माझे मराठी तेव्हा तुमच्याइतके चांगले नव्हते. मी म्हणालो, “काकू, आमच्या पाहुण्यांना सर्दी लागली आहे. अम्मीने काहीतरी मागितले आहे.” गोधडी हा शब्द मला ऐनवेळी आठवलाच नाही. काकू म्हणाल्या, “अगं बाई! थांब हं.” त्यांनी आले, तुळस, मिरी आणि गूळ घालून पातेलेभर काढा केला आणि स्वतः घेऊन आल्या.

तुमच्या लक्षात आले ना? आपल्या उर्दूत ‘सर्दी’ म्हणजे थंडी. मराठीत ‘सर्दी’ म्हणजे पडसे, नाक वाहणे. मी थंडीबद्दल बोललो आणि काकूंनी पडशाचा उपाय केला. सगळे पोट धरून हसले. सर्वांनी काढा घेतला. या हसण्याच्या नादात गोधडीची गोष्ट मात्र सगळेच विसरून गेले.

पांघरुणे कमी होती, म्हणून धगधगती शेगडी पाहुण्यांच्या खोलीतच ठेवली गेली. खिडकी बंद केली. दाराखालच्या फटीत जुने कापड कोंबले. खालाला बरे वाटले. खालू खिडकीकडे एकदोनदा पाहत राहिले, पण काही बोलले नाहीत. अब्बाही दारात क्षणभर थांबले, पण तेही काही बोलले नाहीत.

मध्यरात्रीनंतर लहानगीच्या रडण्याने मला जाग आली. तिला उलटी झाली होती. खालाचे डोके ठणकत होते. खालू उठायला गेले तर त्यांचे पाय लटपटले. कसेबसे सरपटत जाऊन त्यांनी दार उघडले आणि ते उंबऱ्यावरच बसले. दादीने एका नजरेत ओळखले. “सगळ्यांना बाहेर काढा! शेगडी बाहेर न्या! खिडकी उघडा!” असे ती ओरडली. काकूंच्या घरातला दिवा लागला. ज्या थंड हवेपासून आम्ही पाहुण्यांना वाचवत होतो, त्याच हवेत त्यांना अंगणात बसवले. मग रिक्षा करून अब्बांनी त्यांना दवाखान्यात नेले. तेथे त्यांना प्राणवायू दिला गेला. सकाळपर्यंत तिघेही सावरले. डॉक्टर म्हणाले, “ही मुलगी रडली नसती, तर तुम्ही झोपेतच राहिला असता.”

असे का झाले? कोळसा जळताना त्याला पुरेशी हवा मिळाली नाही, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. निखारे लाल झाले आणि धूर थांबला, की लोकांना वाटते, आता धोका नाही. पण धूर दिसला नाही तरी हा वायू निघतच असतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड मात्र त्याला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला तर काही कळतच नाही. म्हणून झोपण्याच्या बंद खोलीत जळती शेगडी कधीही ठेवू नये. बंद न्हाणीघरातील गॅसच्या गिझरमुळेही असाच धोका होतो, हेही ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे उन्हात बसले होते. खालू हळूच म्हणाले, “भाईजान, खरे सांगू? मला खिडकी थोडी उघडी ठेवून झोपायची सवय आहे. रात्री मला कोंडल्यासारखे वाटत होते. पण तुम्ही इतक्या प्रेमाने शेगडी ठेवली, मग कसे बोलणार?” अब्बा म्हणाले, “शेगडी रात्रभर ठेवावी की नाही, असे माझ्याही मनात आले होते. पण म्हटले, शेगडी उचलली तर पाहुण्यांना वाटेल, यजमान कोळशाचाही हिशोब करतात!”

पाहा, दोघांच्याही मनात योग्य गोष्ट होती. दोघेही तकल्लुफमुळे गप्प राहिले. दादी म्हणाली, “जो तकल्लुफ जिवावर उठतो, तो आदर नव्हे. यापुढे या घरात पाहुण्यांना विचारायचे आणि पाहुण्यांनीही सांगायचे.”

इतक्यात काकू आल्या. त्यांच्या एका हातात गोधडी होती आणि दुसऱ्या हातात काळी घोंगडी. त्या मला म्हणाल्या, “आता मला कळले तुझी सर्दी कोणती होती ते! अरे, मीच तुला नीट विचारायला हवे होते.”

त्या रात्री व्यवस्था बदलली. खालाची गादी आतल्या भिंतीजवळ घातली. गादीखाली घोंगडी अंथरली, कारण थंडी जमिनीतूनही येते. अंगावर गोधडी आणि त्यावर चादर दिली. पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी कापडात गुंडाळून ठेवली. खालूंची गादी खिडकीजवळ घातली आणि खिडकी चार बोटे उघडी ठेवली. शेगडी रात्री अंगणातच विझवली. एकाच खोलीत दोघांनाही सुखाची झोप लागली.

मित्रांनो, यातून एक शास्त्रीय गोष्ट शिकण्यासारखी आहे. गोधडी किंवा रजई स्वतः ऊब देत नाही. आपले शरीर सुमारे ३७ अंश सेल्सिअस तापमान राखते आणि सतत उष्णता बाहेर टाकते. कापसाच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही. रजई जुनी झाली, की कापूस दबतो, त्यातली हवा कमी होते आणि रजई ‘थंड’ लागते. म्हणूनच पूर्वी पिंजारी दारोदार येऊन जुना कापूस पिंजून देत असत. तो कापूस पुन्हा फुगला, की जुनीच रजई नव्यासारखी उबदार होत असे. हे पटत नसेल तर एक प्रयोग करा. बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्या. एक उघडा ठेवा आणि दुसरा लोकरीच्या कापडात गुंडाळा. गुंडाळलेला तुकडा उशिरा वितळेल. कापड ऊब देत असते, तर तो आधी वितळला असता!

प्रत्येकाला थंडी सारखी का वाजत नाही? वय, प्रकृती, आहार आणि सवय यांवर ते अवलंबून असते. वृद्धांना आणि तान्ह्या मुलांना थंडी लवकर बाधते. श्रम करणाऱ्याला ती कमी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंडीच्या दिवसांत घरातील तापमान निदान १८ अंश असावे, अशी शिफारस केली. परदेशात अनेक घरांत यंत्रावर आकडा लावून खोलीचे तापमान ठरवतात. पण आकडा कोणता लावायचा, हे यंत्र सांगत नाही. ते माणसांनाच आपसांत ठरवावे लागते.

म्हणून सगळी खोली तापवण्यापेक्षा माणसाला उबदार ठेवणे अधिक सोपे असते. काश्मीरमध्ये लोक फिरनच्या आत कांगडी घेऊन बसतात. जपानमध्ये बुटक्या मेजावर रजई पसरतात, तिच्या आत लहानसा हीटर असतो आणि सारे कुटुंब त्याभोवती पाय घालून बसते. ज्याला ऊब हवी तो जवळ सरकतो, ज्याला नको तो दूर बसतो. आपल्या घरात एक गोधडी जास्त ठेवली, तरी तेच साधते.

आज मी शाळेत मराठी शिकवतो. थंडी सुरू झाली, की मला ती रात्र आठवते. त्या रात्री एक शब्द चुकला आणि दोन माणसे गप्प राहिली. काकूंनी एक प्रश्न विचारला असता, मी एक शब्द नीट सांगितला असता, खालू एक वाक्य बोलले असते किंवा अब्बांनी मन मोकळे केले असते, तर ती रात्र तशी गेली नसती. तुमच्या घरी या हिवाळ्यात पाहुणे आले, तर त्यांना चहा जरूर द्या. आणि झोपण्यापूर्वी एवढे विचारायला विसरू नका : “खिडकी उघडी ठेवू, की अजून एक पांघरूण देऊ?”

शब्दार्थ

पाहुणा – मेहमान
यजमान – मेजबान
ऊब – गरमाहट
थंडी – सर्दी, ठंड
सर्दी, पडसे – जुकाम
गोधडी – कपड्यांचे थर शिवून केलेले पांघरूण
घोंगडी – लोकरीचे जाडेभरडे कांबळे
माळवद – मातीचे सपाट छत
निखारा – अंगारा
अनर्थ – मोठे संकट
हुडहुडी भरणे – थंडीने अंग थरथरणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खाला कोठून आली होती?
(आ) काकूंनी काढा का करून आणला?
(इ) मध्यरात्रीनंतर लेखकाला जाग कशामुळे आली?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) भिंगारची थंडी आणि कोकणची थंडी यांत फरक का असतो?
(आ) बंद खोलीत शेगडी ठेवणे धोक्याचे का असते?
(इ) दुसऱ्या रात्री झोपण्याची व्यवस्था कशी केली?

३. ‘जो तकल्लुफ जिवावर उठतो, तो आदर नव्हे,’ असे दादी का म्हणाली? तुमच्या शब्दांत सांगा.

४. ‘सर्दी’प्रमाणे उर्दूत आणि मराठीत वेगवेगळा अर्थ असणारे आणखी तीन शब्द शोधा व त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

५. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून, पूर्वी थंडीपासून बचाव कसा करत असत, याविषयी आठ ओळी लिहा.