पैनगंगेचे दोन काठ

अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली पैनगंगा पूर्वेकडे वाहत जाते. वाटेत बऱ्याच अंतरापर्यंत ती हिंगोली जिल्ह्याची उत्तर सीमा होते. तिच्या दक्षिणेस मराठवाडा आहे, उत्तरेस विदर्भ. पावसाळ्यात तिचे गढूळ पाणी दुथडी भरून धावते. हिवाळ्यात तेच पाणी निवळून संथ होते. फाल्गुन आला की रानातले पळस लाल फुलांनी डवरतात. दोन्ही काठांची माती काळी आहे, दोन्हीकडे ज्वारी व कापूस पिकतो आणि दोन्हीकडे मराठीच बोलली जाते. असे असूनही ही नदी पूर्वी दोन राज्यांमधील सीमा होती. ती कशी झाली, हे जाणून घेण्यासाठी आपण हिंगोली शहरात जाऊ.

पैनगंगेची उपनदी कयाधू हिच्या तीरावर हे शहर वसले आहे. रिसाला, तोफखाना, पलटण, पेन्शनपुरा अशी येथील वस्त्यांची नावे आहेत. रिसाला म्हणजे घोडदळ. एकोणिसाव्या शतकात येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. फौजेचा खर्च निजामाचा आणि हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा! हा खर्च भागविण्यासाठी १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हाती सोपविला. तेव्हापासून नदीचा एक काठ इंग्रजांच्या अमलाखाली गेला, दुसरा निजामाकडे राहिला.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला. उत्तर काठावर तिरंगा डौलाने फडकला. निजामाने मात्र भारतात सामील होण्यास नकार दिला. दक्षिण काठावर तिरंगा उभारणाऱ्यास तुरुंगाची वाट धरावी लागे. रझाकारांच्या जुलमामुळे अनेक कुटुंबे घरदार सोडून सीमेपलीकडे गेली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी लढा चालविला. पैनगंगेपलीकडील उमरखेड येथे स्वातंत्र्यसैनिकांचे केंद्र होते. वसमत भागातील बहिर्जी शिंदे यांनी या लढ्यात प्राण वेचले. वसमतचे एक महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. देशाच्या स्वातंत्र्यानंतर तेरा महिन्यांनी दक्षिण काठावर स्वातंत्र्याची पहाट झाली. १९५६ साली मराठवाडा व विदर्भ एकाच राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राची स्थापना झाली.

मुलांनो, आज इसापूर येथे पैनगंगेवर मोठे धरण उभे आहे. त्याचे पाणी कालव्यांतून दोन्ही काठांच्या शेतांना मिळते. एके काळी ही नदी ओलांडणे म्हणजे जुलमातून स्वातंत्र्यात जाणे होते. आज शेतकरी बाजारासाठी ती सहज ओलांडतो. हे सहज जाणे-येणे किती जणांच्या त्यागाने मिळाले आहे, याची आठवण पैनगंगा पाहताना आपण ठेवली पाहिजे.