नवजात बाळासाठी वाइप वॉर्मर घ्यावा काय?
बाळाची ऊब कोठून येते आणि कोठून जाते : तंजावर जिल्ह्यातील मराठीभाषक कुटुंबांसाठी माहितीपत्रक

बाळंतविड्यात पूर्वी अंगडे, टोपडे, दुपटे आणि काजळाची डबी असे. आता त्यात विजेवर चालणारी उपकरणेही येऊ लागली आहेत. वाइप वॉर्मर हे त्यांपैकी एक. बाळाची शी-शू पुसण्यासाठी वापरले जाणारे ओले वाइप्स या झाकणबंद डबीत ठेवतात आणि डबी ते सतत कोमट ठेवते. ‘गार स्पर्शाने बाळ दचकते, त्याला सर्दी होते, म्हणून हे यंत्र घ्यावे’ असे जाहिरातीत सांगितले जाते. परदेशी राहणारे आप्त ते प्रेमाने पाठवितात, आणि बाळाच्या काळजीत उणीव राहू नये म्हणून आई-वडीलही ते विकत घेण्याचा विचार करतात.

या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे : निरोगी नवजात बाळासाठी वाइप वॉर्मर आवश्यक नाही. त्याने बाळाचे आरोग्य राखले जात नाही, आजारही टळत नाही. मात्र या प्रश्नामागची चिंता खरी आहे. नवजात बाळ लवकर गार पडते आणि गार पडणे त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच बाळाला ऊब नेमकी कशाने मिळते, हे प्रत्येक घराने समजून घेतले पाहिजे.

बाळ गार का पडते?

नवजात बाळाचे काखेतील तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. ते ३६.५ अंशांच्या खाली गेले, तर बाळ गार पडू लागले असे समजावे. ३६ अंशांच्या खाली गेल्यास धोका वाढतो आणि ३२ अंशांच्या खाली अवस्था अतिगंभीर होते. बाळाचे वजन कमी, पण वजनाच्या मानाने त्वचेचा विस्तार मोठा असतो. त्वचेखाली चरबीचा थर पातळ असतो आणि मोठ्या माणसाप्रमाणे कुडकुडून उष्णता निर्माण करणे बाळाला जमत नाही. कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हा धोका अधिक असतो.

शरीराची उष्णता चार वाटांनी जाते. ओल्या त्वचेवरील पाणी उडून जाताना ती जाते, गार वस्तूला अंग टेकल्याने जाते, वाहत्या हवेने जाते आणि जवळच्या गार भिंतींकडेही जाते. यांपैकी पहिली वाट आपल्या प्रश्नाशी थेट निगडित आहे.

थोडा हिशेब करून पाहू

एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, तिला एक कॅलरी म्हणतात. समजा, वाइप २५ अंशांवर आहे आणि यंत्राने तो ४० अंशांपर्यंत तापविला. पुसल्यानंतर बाळाच्या त्वचेवर एक ग्रॅम ओलावा मागे राहिला, तर त्या ओलाव्यात यंत्राने भरलेली उष्णता १५ कॅलरी इतकीच असते. तोच एक ग्रॅम ओलावा त्वचेवर तसाच राहून उडून गेला, तर जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो आणि तिचा मोठा वाटा बाळाच्या अंगातून येतो. यंत्र जे देते, त्याच्या सुमारे ३९ पट ओलावा हिरावून घेतो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. वाइप कोमट असो वा गार, पुसल्यानंतर त्वचा ओली ठेवली तर बाळ गार पडणारच. आणि कोरड्या मऊ फडक्याने अंग लगेच टिपून घेतले, तर यंत्राशिवायही बाळाची ऊब टिकते. शिवाय डबीतून काढलेला पातळ वाइप हवेत काही क्षणांतच गार होतो. गार स्पर्श टाळायचाच असेल, तर वाइप घडी करून आपल्या दोन्ही तळहातांत थोडा वेळ धरावा. तेवढे पुरे होते.

तिरुवैयारुच्या हवेत

कावेरीकाठच्या तिरुवैयारुत हवा वर्षाचा बहुतेक काळ उष्ण किंवा दमट असते. त्यागराज आराधनेच्या सुमारास, म्हणजे पौष महिन्यात, पहाटे गारवा जाणवतो, तरीही किमान तापमान साधारणपणे २० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक राहते. नवजात बाळाच्या खोलीचे तापमान २५ ते २८ अंश असावे. आपल्या भागात बहुतेक महिने त्यासाठी कोणतेही साधन लागत नाही.

येथे बाळ गार पडते ते निराळ्या कारणांनी. लंगोट बदलताना पंखा अंगावर सुरू राहतो. वातानुकूलन यंत्राचा झोत पाळण्यावर येतो. जन्मानंतर घाईने अंघोळ घातली जाते. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात कपडे नीट वाळत नाहीत आणि अर्धवट ओले लंगोट, दुपटी बाळाला गुंडाळली जातात. या चुका टाळण्यास खर्च लागत नाही. पावसाळ्यात लंगोट घरात दोरीवर वाळवून नंतर गरम इस्त्री फिरवावी. ऊन पडेल तेव्हा कडक उन्हात वाळवावेत.

एप्रिल-मे महिन्यांत धोका उलट असतो. तेव्हा बाळाला जाड कपड्यांत गुंडाळू नये. हवा तापल्यामुळे बाळाचे अंगही तापू शकते. एक सुती अंगडे आणि लंगोट तेव्हा पुरेसे असते.

वाइप वॉर्मरमुळे होऊ शकणारे त्रास

१. बंद, ओलसर आणि कोमट डबी जंतूंच्या वाढीस अनुकूल असते. ती नियमित स्वच्छ केली नाही, तर स्वच्छतेचे साधनच अस्वच्छ होते.

२. सतत उष्णतेत राहिल्याने वाइप्स कोरडे पडतात. कोरडा वाइप नाजूक त्वचेवर घासला जातो. त्यावर घरचे पाणी शिंपडल्यास वाइपमधील जंतुरोधक द्रव्य पातळ होते.

३. तापमान-नियंत्रक बिघडल्यास वाइप अधिक तापून त्वचा भाजू शकते.

४. परदेशातून आलेली उपकरणे तपासून घ्यावीत. अमेरिकेतील घरगुती वीज सुमारे १२० व्होल्टची, तर आपल्याकडील २३० व्होल्टची असते. केवळ प्लगचा आकार जुळवून असे उपकरण लावल्यास ते जळू शकते व आग लागू शकते.

५. रात्रंदिवस सुरू असलेली विजेची तार पाळण्याजवळ असणे धोक्याचे आहे.

मग बाळाला कसे पुसावे?

साधे कोमट पाणी आणि मऊ सुती फडके किंवा कापूस हे नवजात बाळासाठी पुरेसे व सुरक्षित साधन आहे. चांगल्या प्रतीचे, सुगंध व मद्यार्क नसलेले वाइप्सही वापरता येतात. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे २८० नवजात बालकांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशा प्रकारचे वाइप्स आणि कापूस-पाणी यांची तुलना केली असता, त्वचेच्या आर्द्रतेच्या दृष्टीने वाइप्स पाण्यापेक्षा कमी ठरले नाहीत. म्हणून प्रवासात वाइप्स वापरण्यात दोष नाही. घरी मात्र पाणी स्वस्त आणि पुरेसे आहे.

लंगोट बदलण्याची रीत अशी ठेवावी :

• आधी आपले हात साबणाने धुवावेत. पंखा बंद करावा. कोरडे फडके, नवा लंगोट व पाणी हाताशी घेऊनच बाळाला उघडावे.

• पाणी उकळून थर्मासमध्ये ठेवावे. वेळेला वाटीत आधी उकळून गार केलेले पाणी घ्यावे, मग त्यात थर्मासमधील गरम पाणी मिसळावे. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहावा. तो गरमही लागू नये, गारही लागू नये. थर्मास बाळापासून दूर ठेवावा.

• मुलीला नेहमी पुढून मागे पुसावे. मुलाच्या शिश्नाची त्वचा मागे ओढू नये.

• जांघेतील घड्या हलक्या हाताने स्वच्छ कराव्यात. घासू नये, टिपून घ्यावे. त्वचा पूर्ण कोरडी झाल्यावरच नवा लंगोट बांधावा.

• टाल्कम पावडर वापरू नये. तिचे कण श्वासातून बाळाच्या फुप्फुसांत जातात. त्वचा लाल होत असल्यास साध्या पेट्रोलियम जेलीचा किंवा झिंक ऑक्साइडयुक्त मलमाचा पातळ थर लावावा.

लंगोटाखालील बहुतेक लाली ओलाव्यामुळे आणि मल-मूत्र त्वचेवर फार वेळ राहिल्यामुळे होते, गार वाइपमुळे नव्हे. तिच्यावरचा मुख्य उपाय लंगोट वेळेवर बदलणे हाच आहे. घड्यांमध्ये गडद लाली आणि भोवती लहान लाल पुटकुळ्या दिसल्यास तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. अशा वेळी आरोग्य केंद्रात दाखवावे.

खरी ऊब : आईचे अंग, दूध आणि कोरडे कपडे

१९७८ मध्ये कोलंबिया देशातील बोगोटा येथील डॉक्टरांनी, उबवणी यंत्रे अपुरी पडत असल्याने, कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची पद्धत सुरू केली. हीच ‘कांगारू माता काळजी’. अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांना ही काळजी दिवसातून ८ ते २४ तास द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बाळाला फक्त टोपडे व लंगोट घालून आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे धरावे आणि वरून पदर किंवा दुपटे गुंडाळावे. आई थकली असेल तर वडील किंवा आजीही बाळाला असे धरू शकतात.

महाराष्ट्रात गडचिरोली येथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. त्या काळजीत बाळाला उबदार ठेवणे, स्तनपान, स्वच्छता आणि आजार वेळीच ओळखून उपचार करणे या गोष्टी होत्या. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळांना गृहभेटी दिल्या जाऊ लागल्या, त्यामागे हाच अनुभव आहे. तमिळनाडूत २०१५ मध्ये शासकीय रुग्णालयांतील मातांसाठी सुरू झालेल्या १६ वस्तूंच्या बाळसंगोपन संचातही टॉवेल, कपडे, बिछाना, मच्छरदाणी, साबण अशा साध्याच वस्तू होत्या.

जन्मानंतर पहिली अंघोळ किमान २४ तास पुढे ढकलावी. डोके झाकावे, कारण बाळाच्या डोक्यातून बरीच उष्णता जाते. जन्मल्यापासून एका तासाच्या आत आईचे दूध पाजावे. दुधातून मिळणाऱ्या ऊर्जेवरच बाळ स्वतःची ऊब निर्माण करते. अंघोळीनंतर धुरी किंवा सांबराणीचा धूर देण्याची रीत अनेक घरांत आहे. ती सोडून द्यावी. धुराने बाळाच्या श्वासमार्गास इजा होते आणि निखाऱ्याने भाजण्याचे अपघात होतात.

बाळ गार आहे की नाही, कसे ओळखावे?

आपल्या हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला आणि तळपायांना लावावी. दोन्ही उबदार असतील तर बाळ ठीक आहे. पोट उबदार पण तळपाय गार असतील, तर बाळ गार पडू लागले आहे. लगेच छातीशी धरावे व दूध पाजावे. दोन्ही गार असतील तर विलंब न करता रुग्णालय गाठावे.

वाइप वॉर्मरसाठी राखलेल्या पैशात एक डिजिटल थर्मामीटर, पुरेसे सुती लंगोट, दोन टोपडी आणि दोन मऊ टॉवेल घ्यावेत. उरलेली रक्कम बाळंतिणीच्या सकस आहारासाठी वापरावी.

यंत्र आधीच घरात असल्यास

भेट देणाऱ्याचा मान राखण्यासाठी ते सतत वापरलेच पाहिजे असे नाही. वापरायचे ठरविल्यास व्होल्ट तपासावे, थोडेच वाइप्स ठेवावेत, डबी रोज रिकामी करून, धुऊन, पूर्ण वाळवावी. रंग बदललेले किंवा वास येणारे वाइप्स फेकून द्यावेत. प्रत्येक वाइप आधी आपल्या मनगटावर लावून पाहावा. उपकरण पाळण्यापासून दूर ठेवावे. अतिथंड प्रदेशात राहणाऱ्या आप्तांना त्यामुळे थोडी सोय वाटू शकते. ती सोय आहे, गरज नव्हे.

पुढील लक्षणे दिसल्यास त्वरित रुग्णालयात जावे

• बाळ दूध ओढत नाही किंवा अचानक दूध पिणे कमी झाले आहे.
• तापमान ३७.५ अंश किंवा अधिक, अथवा ३५.५ अंशांपेक्षा कमी आहे.
• एका मिनिटात ६० किंवा अधिक श्वास, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाते.
• झटके येतात, किंवा हलविल्याशिवाय बाळ हालचाल करीत नाही.
• पहिल्या २४ तासांत कावीळ दिसते, किंवा तळहात-तळपाय पिवळे होतात.
• नाळेभोवती लाली किंवा पू आहे.

तिरुवैयारु येथील शासकीय रुग्णालयात किंवा तंजावरच्या राजा मिरासदार रुग्णालयात बाळाला न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर संपर्क साधावा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमांतर्गत आजारी नवजात बाळाचे उपचार व ने-आण शासकीय रुग्णालयांत विनामूल्य आहे, त्यामुळे खर्चाच्या भीतीने थांबू नये. वाटेत बाळाला आईच्या छातीशी धरावे, डोके झाकावे आणि दूध पिऊ शकत असल्यास पाजत राहावे. शंका असल्यास आपल्या भागातील ग्राम आरोग्य परिचारिकेस विचारावे.